कामातला प्रश्न आणि पदवीचा अर्ज: ऑनलाइन एड.डी. प्रवेशाचा एक प्रकरण अभ्यास

अमेरिकेतील एका सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजात (मुख्यतः दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयात) शैक्षणिक सल्ला विभागाच्या सहयोगी संचालक असलेल्या एका मराठी महिलेने २०२६ च्या फॉल सत्रासाठी उच्च शिक्षण नेतृत्व या विषयातील ऑनलाइन डॉक्टरेटला (एड.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ एज्युकेशन) अर्ज करायचे ठरवले, तेव्हापासून प्रवेश निश्चित होईपर्यंतचा प्रवास येथे मांडला आहे. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. त्यातून कोणा एका व्यक्तीचा किंवा संस्थेचा माग लागू नये, म्हणून अशा अर्जांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचले आहे. अभ्यासक्रमांचे शुल्क आणि क्रेडिटची संख्याही या प्रकरणापुरतीच आहे. कायदे, नियम आणि त्यांतले आकडे मात्र खरे आहेत.

अर्जदार महिलेने महाराष्ट्रातील एका विद्यापीठातून बी.कॉम. आणि एम.कॉम. केले होते. लग्नानंतर अमेरिकेत आल्यावर त्या याच कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात अर्धवेळ कामाला लागल्या, नोकरी सांभाळून एका राज्य विद्यापीठातून उच्च शिक्षण प्रशासनात मास्टर्स झाल्या आणि पायरी पायरीने सध्याच्या पदावर पोहोचल्या. त्यांच्या हाताखाली नऊ सल्लागार आहेत. वर डीन आणि त्यांच्याही वर विद्यार्थी सेवांच्या उपाध्यक्ष आहेत. डीनच्या पदांच्या जाहिरातींत ‘डॉक्टरेट असल्यास प्राधान्य’ हे वाक्य त्या अनेक वर्षे वाचत आल्या होत्या. घर, मुले आणि नोकरी सोडून दूरच्या विद्यापीठात राहायला जाणे शक्य नव्हते, त्यामुळे अभ्यासक्रम ऑनलाइन हवा हे आधीच ठरलेले होते. कोणते विद्यापीठ आपल्याला घेईल, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. ऑनलाइन एड.डी. मध्ये तो तुलनेने सोपा असतो, कारण अनुभवी आणि नोकरीत असलेल्या अर्जदाराला कुठे ना कुठे प्रवेश मिळतोच. ज्या प्रश्नावर पुढची तीन-चार वर्षे काम करायचे, तो प्रश्न खरोखर आपल्या हातातला आहे का, हे ठरवणे अधिक अवघड होते आणि त्यांच्या अर्जाचा बहुतेक वेळ त्यातच गेला.

पदवी कोणती

शिक्षणक्षेत्रात दोन डॉक्टरेट शेजारी शेजारी चालतात. पीएच.डी. संशोधक घडवण्यासाठी आणि एड.डी. कामावर असलेल्या व्यावसायिकांसाठी, अशी ढोबळ विभागणी सांगितली जाते, पण ती कधीच स्वच्छ नव्हती. हार्वर्ड विद्यापीठाने १९२० मध्ये शिक्षणशास्त्राची स्वतंत्र शाखा उभी केली आणि एड.डी. ही पदवी तिथूनच रूढ झाली. पुढे त्याच हार्वर्डने ती बंद करून तिच्या जागी पीएच.डी. आणली. २००५ मध्ये शिक्षणतज्ज्ञ आर्थर लेव्हिन यांनी शिक्षणातील नेतृत्व प्रशिक्षणावरच्या अहवालात एड.डी. सरळ रद्द करावी, अशी शिफारस केली होती. त्या टीकेनंतर, २००७ मध्ये, कार्नेगी प्रोजेक्ट ऑन द एज्युकेशन डॉक्टरेट या उपक्रमाखाली काही विद्यापीठे एकत्र आली आणि त्यांनी एड.डी. ची नव्याने आखणी केली. विद्यार्थ्याने आपल्या कामाच्या ठिकाणचा एखादा खरा प्रश्न घ्यावा, तो अभ्यासावा, त्यावर काही करून पाहावे आणि त्याचाच प्रबंध व्हावा, हा त्या आखणीचा गाभा आहे. ‘प्रॉब्लेम ऑफ प्रॅक्टिस’ हा शब्दप्रयोग आज अनेक अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांत दिसतो तो त्यामुळेच.

अर्जदार महिलेच्या दृष्टीने एड.डी. योग्य होती, कारण त्यांना प्राध्यापक व्हायचे नव्हते, प्रशासनातच वर जायचे होते. तरीही ‘पुढे कधी भारतात परतले तर’ ही शंका त्यांच्या मनात होती, आणि ती वेळीच तपासली हे बरे झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार महाविद्यालयाच्या प्राचार्यपदासाठी पीएच.डी. लागते, तर २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार भारतातील संस्थांना दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देता येत नाही. शिवाय परदेशी संस्थांच्या सहकार्याने एडटेक कंपन्या जाहिरात करत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी. ना मान्यता नाही, असा इशारा आयोगाने आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्तपणे दिला होता. अमेरिकन विद्यापीठाची ऑनलाइन एड.डी. भारतातल्या सरकारी चौकटीत प्राचार्यपदाचे दार उघडेल, असे धरून चालणे त्यामुळे धोक्याचे आहे. त्यांचा निर्णय अमेरिकेतल्या नोकरीपुरता होता, म्हणून ही अडचण बाजूला ठेवता आली. भारतात बसून असा अर्ज करणाऱ्याने मात्र ती पहिल्याच दिवशी समोर ठेवावी.

निवेदनाचे तीन खर्डे

त्यांनी तीन विद्यापीठे निवडली (ती कशी, ते पुढे येते). तिन्हींनी स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जामागचा उद्देश सांगणारे निवेदन, मागितले होते आणि त्यात संशोधनाचा संभाव्य प्रश्न सांगणे अपेक्षित होते. पहिला खर्डा वाचायला चांगला होता. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य विद्यार्थ्यांना पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची असते. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांश विद्यार्थीच विद्यापीठात ट्रान्सफर होतात आणि सहा वर्षांत पदवीपर्यंत पोहोचणारे सुमारे १६ टक्के असतात, हे आकडे त्यात होते. ट्रान्सफर झालेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया जातात, हा अमेरिकेच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसचा २०१७ मधला अंदाजही होता. हे चित्र बदलणारे नेतृत्व कसे असावे याचा अभ्यास करायचा आहे, असा त्याचा समारोप होता.

आकडे बरोबर, तळमळ खरी, आणि तरीही या खर्ड्यातून अर्जदाराविषयी काहीच कळत नव्हते. देशातल्या हजारभर कम्युनिटी कॉलेजांपैकी कोणत्याही कॉलेजातला कोणताही अधिकारी हेच दोन परिच्छेद लिहू शकला असता. प्रवेश समितीतील प्राध्यापक असे निवेदन वाचताना मनातल्या मनात एकच विचारतात: यातले तुमचे काय? राष्ट्रीय प्रश्नाची तीव्रता त्यांना ठाऊक असते. त्यांना पाहायचे असते ते त्या प्रश्नाचा कोणता तुकडा या व्यक्तीच्या टेबलावर रोज येतो, त्याबद्दल तिला असे काय माहीत आहे जे बाहेरच्याला माहीत नाही, आणि त्यावर काही करण्याचा तिला कितपत अधिकार आहे.

दुसऱ्या खर्ड्यात त्यांनी क्रेडिट वाया जाण्याचा प्रश्न आपल्या कॉलेजपुरता आणला. आपल्याकडून जवळच्या राज्य विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे कोणते विषय तिथे नुसते ‘ऐच्छिक’ म्हणून स्वीकारले जातात आणि मुख्य विषयाच्या गरजांत धरले जात नाहीत, याचा अभ्यास त्यांना करायचा होता. प्रश्न ठोस झाला होता, पण त्याची चावी त्यांच्याकडे नव्हती. कोणता विषय कशाच्या बदल्यात धरायचा याचे करार दोन्ही संस्थांचे शैक्षणिक विभाग आणि प्राध्यापक करतात, आणि सल्ला विभागाला त्या बैठकीत फार तर निरीक्षक म्हणून बसता येते. विद्यार्थ्याने ट्रान्सफर झाल्यावर काय गमावले याची नोंद घेणाऱ्या विद्यापीठाकडे असते, कॉलेजकडे नाही. म्हणजे ती माहिती मिळवायला दुसऱ्या संस्थेची परवानगी, दुसऱ्या संस्थेचा डेटा आणि दुसऱ्या संस्थेतल्या कोणाची तरी सदिच्छा, या तिन्हींवर प्रबंध अवलंबून राहिला असता. असे प्रबंध होतात, पण नोकरी करून रात्री अभ्यास करणाऱ्याने ते पत्करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. अभ्यासक्रमाचे विषय पूर्ण होतात आणि प्रबंध अडून राहतो, ही डॉक्टरेटमधली जुनी व्यथा आहे. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेच्या पीएच.डी. पूर्णतेच्या प्रकल्पात दहा वर्षांनंतरही पदवीपर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण जेमतेम ५७ टक्के होते, आणि ते प्रामुख्याने पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थी होते.

तिसरा खर्डा एका साध्या निरीक्षणातून निघाला. त्यांच्या विभागात प्रत्येक विद्यार्थ्याची शैक्षणिक योजना संगणकात नोंदवायची असते: कोणत्या विद्यापीठात, कोणत्या विषयात जायचे आहे आणि त्यासाठी पुढच्या सत्रांत काय घ्यावे लागेल. नियमाप्रमाणे ही नोंद पहिल्या वर्षात व्हावी. प्रत्यक्षात ३० क्रेडिट उलटून गेल्यावरही अनेकांची योजना कोरी असते. तोवर विद्यार्थ्याने निवडलेले विषय निवडून झालेले असतात आणि त्यांतले जे निरुपयोगी ठरायचे ते तेव्हाच ठरून गेलेले असते. ही नोंद उशिरा का होते, हे ठरवणाऱ्या गोष्टी बहुतांशी त्यांच्याच विभागात होत्या. सल्लागारांच्या भेटींच्या वेळा नोंदणीच्या हंगामात अर्ध्या तासावरून पंधरा मिनिटांवर येत होत्या आणि तेवढ्यात पुढच्या सत्राचे विषय ठरवण्यापलीकडे काही होत नव्हते. हा नियम स्वतः त्यांनीच दोन वर्षांपूर्वी, रांगा कमी करण्यासाठी, केला होता.

हे निवेदनात लिहावे की नाही, यावर बराच विचार झाला. लिहिण्याच्या बाजूने असे की, आपल्या निर्णयाचा अनपेक्षित परिणाम ओळखून तो तपासायला निघालेला अर्जदार समितीला गंभीर वाटतो, आणि कार्नेगी प्रकल्पाच्या धर्तीवरच्या अभ्यासक्रमांना अशाच माणसांची गरज असते. विरुद्ध बाजूने असे की, शिफारसपत्र लिहिणाऱ्या उपाध्यक्षांना हे निवेदन वाचायला द्यावे लागणार होते, आणि आपल्या विभागातल्या उणिवा बाहेरच्या विद्यापीठाला लेखी कळवणारी कनिष्ठ अधिकारी कोणत्याही वरिष्ठाला थोडी खटकतेच. शेवटी त्यांनी दोष कोणाचा हे न लिहिता कारणांची साखळी लिहिली: रांगेचा ताण, त्यावर केलेला उपाय, त्या उपायाने हलवलेला दुसरा ताण. मसुदा दाखवण्याआधी त्यांनी उपाध्यक्षांना समक्ष भेटून हा विषय सांगितला. उपाध्यक्षांनी एकच दुरुस्ती सुचवली: कॉलेजचे नाव निवेदनात घेऊ नये. ती रास्त होती.

या खर्ड्यात आणखी एक परिच्छेद होता, जो माझ्या मते साऱ्या अर्जात सर्वांत महत्त्वाचा ठरला. आपल्याच विभागात संशोधन करताना आपल्या हाताखालच्या सल्लागारांची मुलाखत घेणे म्हणजे काय, याचा विचार त्यात होता. ज्या व्यक्तीच्या हातात तुमचे वार्षिक मूल्यमापन आहे, तिला तुम्ही पंधरा मिनिटांच्या नियमाविषयी मोकळेपणाने काय सांगणार? मानवी सहभागींवरील संशोधनासाठी विद्यापीठाच्या नैतिकता मंडळाची, म्हणजे आयआरबीची, मंजुरी लागते आणि अशा ठिकाणी ‘संमती खरोखर स्वेच्छेची आहे का’ हा प्रश्न ते मंडळ हमखास विचारते. कॉलेजचे स्वतःचे मंडळ असेल तर मंजुरी दोन ठिकाणी घ्यावी लागते. विद्यार्थ्यांच्या नोंदींचेही तसेच आहे. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेसाठी असलेल्या १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार कामापुरत्या नोंदी पाहण्याचा अधिकार त्यांना होता, पण कामासाठी पाहता येते म्हणून प्रबंधासाठी वापरता येते असे होत नाही. त्यांनी निवेदनात लिहिले की, विद्यार्थ्यांच्या नोंदी ओळख काढून टाकून कॉलेजच्या संशोधन कार्यालयाकडून घ्यायच्या आणि सल्लागारांच्या मुलाखती गरज पडल्यास दुसऱ्या विभागातील सहकाऱ्याने घ्यायच्या, असा त्यांचा प्राथमिक विचार आहे. अर्जाच्या टप्प्यावर एवढा तपशील कोणी मागत नाही. पण हे चार-पाच ओळींत लिहू शकणारा अर्जदार प्रबंधाच्या दुसऱ्या वर्षी कुठे अडकेल हे आधीच पाहून आला आहे, असे वाचणाऱ्याला वाटते, आणि ते वाटणे चुकीचे नसते.

विद्यापीठांची निवड

अधिस्वीकृतीचा, म्हणजे दर्जा तपासून विद्यापीठाला मिळणाऱ्या मान्यतेचा (ॲक्रेडिटेशन), भाग लवकर उरकला. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने मान्य केलेल्या संस्थेची अधिस्वीकृती आहे ना, हे विभागाच्याच संकेतस्थळावर पाहता येते. २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी ‘प्रादेशिक’ आणि ‘राष्ट्रीय’ अधिस्वीकृती हा कागदोपत्री फरक काढून टाकला असला, तरी नोकरी देणाऱ्या कॉलेजांच्या मनातून तो गेलेला नाही. म्हणून त्यांनी जुन्या प्रादेशिक संस्थांच्या अधिस्वीकृतीचीच विद्यापीठे घेतली. दुसऱ्या राज्यातील विद्यापीठ ऑनलाइन शिकवणार असेल तर राज्यांमधला परस्पर मान्यतेचा ‘सारा’ (SARA) नावाचा करार पाहावा लागतो. कॅलिफोर्निया त्यात नाही. तिथल्या रहिवाशाने विद्यापीठाला हे वेगळे विचारावे.

क्रमवारीकडे त्यांचा ओढा होता, आणि इथे त्यांना थोडे मागे खेचावे लागले. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२२ मध्ये आपल्या रॉसियर शिक्षणशाळेचे नाव यूएस न्यूज या प्रकाशनाच्या विद्यापीठ-क्रमवारीतून मागे घेतले, कारण शाळेने अनेक वर्षे दिलेली माहिती चुकीची असल्याचे उघड झाले होते. डॉक्टरेटची प्रवेश-निवड किती कडक आहे हे सांगताना पीएच.डी. च्या छोट्या गटाचे आकडे दिले जात होते आणि एड.डी. चे मोठे प्रवेश त्यातून वगळले जात होते. या एका उदाहरणावरून सारी क्रमवारी टाकाऊ ठरत नाही. पण शिक्षणशाळेची क्रमवारी ज्या आकड्यांवर ठरते ते बरेचदा तिच्या पूर्णवेळ पीएच.डी. चे आणि संशोधन-निधीचे असतात. ज्या ऑनलाइन एड.डी. ला आपण शुल्क भरणार, तिच्याविषयी ते फारसे बोलत नाहीत. क्रमवारीऐवजी त्यांनी प्रत्येक अभ्यासक्रमाला लेखी विचारले: पाच वर्षांपूर्वी सुरू झालेल्या तुकडीतील किती जणांनी पदवी घेतली, एका प्रबंध मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात, आणि मार्गदर्शक पूर्णवेळ प्राध्यापक आहेत की करारावरचे. दोन विद्यापीठांनी आकडे दिले. तिसऱ्याने माहितीपत्रकाची लिंक पुन्हा पाठवली, आणि आमच्या दृष्टीने तेही उत्तरच होते.

हे तिसरे म्हणजे एक खासगी विद्यापीठ. चौकशीचा फॉर्म भरल्यापासून तिथला ‘प्रवेश सल्लागार’ त्यांना आठवड्यातून दोनदा फोन करत होता. अतिशय गोड बोलणारा आणि मदतीला तत्पर. अनेक विद्यापीठे आपल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची जाहिरात, भरती आणि तांत्रिक बाजू बाहेरच्या कंपन्यांना देतात आणि त्या बदल्यात काही करारांत शुल्काचा मोठा हिस्सा त्यांना मिळतो. या क्षेत्रातली सर्वांत परिचित कंपनी, टूयू, हिने जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला होता. फोनवर बोलणारी व्यक्ती विद्यापीठाच्या वेतनावर आहे की कंपनीच्या, हे विचारण्यात गैर काही नाही. त्यांनी विचारले, आणि उत्तर कंपनीच्या असे आले. त्यानंतर त्या थेट अभ्यासक्रमाच्या संचालकांशीच पत्रव्यवहार करू लागल्या.

पैसे

खासगी विद्यापीठाचा अभ्यासक्रम ५४ क्रेडिटचा, दर क्रेडिट १,१०० डॉलर, म्हणजे एकूण ५९,४०० डॉलर. राज्य विद्यापीठाचा ६० क्रेडिटचा, दर क्रेडिट ६२० डॉलर, म्हणजे ३७,२०० डॉलर. उरलेले एक मोठे संशोधन विद्यापीठ होते. त्याचे शुल्क या दोहोंच्या मध्ये. हे आकडे जाहिरातीतले झाले. प्रबंध ठरल्या वेळात पूर्ण झाला नाही तर दर सत्राला किमान काही क्रेडिटची नोंदणी चालू ठेवावी लागते आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. राज्य विद्यापीठात ही नोंदणी एका क्रेडिटची होती, खासगीत तीन क्रेडिटची. एक वर्ष, म्हणजे तीन सत्रे, उशीर झाला तर पहिल्याकडे १,८६० डॉलर वाढणार होते आणि दुसऱ्याकडे ९,९००. उशीर होण्याची शक्यता लक्षात घेता हा फरक मूळ शुल्कातल्या फरकाइतकाच बोलका होता.

कर्जाचे नियम नेमके याच वर्षी बदलत होते. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मिळणारे संघीय कर्ज बंद केले. उरलेल्या संघीय कर्जाची मर्यादा पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण १,००,००० डॉलर झाली. पूर्णवेळापेक्षा कमी भार घेणाऱ्याला वार्षिक मर्यादाही त्या प्रमाणात कमी मिळते, हे नोकरदार विद्यार्थ्याने विसरू नये. ग्रीन कार्ड असल्याने त्या या कर्जाला पात्र होत्या. एच-१बी व्हिसावरची व्यक्ती नसते. त्यांनी कर्जाचा आधार शक्यतो न घेण्याचे ठरवले. कॉलेजकडून मिळणारी शिक्षण-मदत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त होती, तिच्यावर राज्य विद्यापीठाच्या शुल्काचा मोठा भाग भागत होता. तिच्या बदल्यात पदवीनंतर दोन वर्षे याच कॉलेजात राहण्याची अट होती. ज्या पदासाठी पदवी घ्यायची ते पद दुसऱ्या कॉलेजात निघाले तर ही अट आड येईल, हे त्यांनी लक्षात घेतले आणि तरीही ती स्वीकारली. मला हा निर्णय थोडा सावध वाटला, पण चुकीचा नाही.

कागदपत्रे, शिफारसी, मुलाखत

अमेरिकेतले मास्टर्स असूनही तिन्ही विद्यापीठांनी भारतातल्या पदव्यांचे मूल्यांकन मागितले. गुणपत्रिका विद्यापीठाकडून थेट मूल्यांकन संस्थेकडे जाव्या लागतात आणि कागदपत्रांच्या कामात सर्वाधिक वेळ इथेच गेला. बी.कॉम. चे ५८ टक्के पाहून त्या खजील होत्या आणि अर्जात त्याचे स्पष्टीकरण द्यायला निघाल्या होत्या. भारतीय टक्केवारी सरळ शंभरातले गुण म्हणून वाचली जात नाही. मूल्यांकन संस्था आपल्या तक्त्याप्रमाणे तिचे श्रेणीत रूपांतर करतात, त्यामुळे अर्जदाराने स्वतः हिशेब मांडून क्षमा मागू नये. तो परिच्छेद काढून टाकला. जीआरई दोघांनी मागितलीच नव्हती, संशोधन विद्यापीठाने ती ऐच्छिक ठेवली होती. त्यांनी ती दिली नाही.

शिफारसपत्रे तीन. उपाध्यक्षांचे एक, मास्टर्सच्या वेळच्या प्राध्यापकांचे एक, आणि तिसरे कॉलेजच्या संशोधन कार्यालयाच्या प्रमुखांचे. तिसऱ्यासाठी त्यांच्या मनात महाराष्ट्रातले त्यांचे सर होते, ज्यांच्याविषयी त्यांना मनापासून आदर आहे. परंतु वीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थिनीबद्दल सर प्रेमाने लिहितील, आज ती काय करू शकते हे सांगू शकणार नाहीत. संशोधन कार्यालयाच्या प्रमुखांनी मात्र लिहिले की, गेली चार वर्षे या अधिकारी आमच्याकडून डेटा मागतात आणि मागताना प्रश्न नीट विचारतात, आणि प्रस्तावित अभ्यासासाठी लागणारा डेटा आमच्याकडे आहे. दुसऱ्या वाक्याने प्रश्न हातातला असल्याची बाहेरून खात्री मिळाली.

खासगी विद्यापीठाने मुलाखतीशिवाय, अर्ज पूर्ण झाल्यापासून दोन आठवड्यांत प्रवेश दिला आणि दहा दिवसांत जागेची रक्कम भरायला सांगितले. संशोधन विद्यापीठाने नकार दिला. तिथल्या कोणाही प्राध्यापकाचे काम कम्युनिटी कॉलेजवर नव्हते, हे निवड करतानाच दिसायला हवे होते. राज्य विद्यापीठाने व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. दोन प्राध्यापक होते आणि त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “तुमच्या उपाध्यक्ष उद्या नोकरी सोडून गेल्या आणि नव्या आलेल्यांना हा अभ्यास नको असेल, तर?” कॉलेजांत वरची माणसे बदलत राहतात, त्यामुळे प्रश्न काल्पनिक नव्हता. त्यांनी सांगितले की, मुलाखतींची परवानगी मागे घेतली गेली तरी ओळख काढलेल्या नोंदींवरून योजना कधी नोंदवली गेली आणि पुढच्या सत्रांत विषय किती बदलले याचा संबंध पाहता येईल; प्रबंध लहान होईल, पण थांबणार नाही. दुसऱ्या प्राध्यापकांनी विचारले की, निष्कर्ष तुमच्या पंधरा मिनिटांच्या नियमाच्या बाजूने आला तर काय कराल. तसे झाल्यास आपली धारणा चुकीची होती असे लिहीन, आणि मग उशिराचे कारण नोंदणीच्या आधी, विद्यार्थ्यांच्या पहिल्या भेटीत शोधावे लागेल, असे त्या म्हणाल्या.

राज्य विद्यापीठाचे प्रवेशपत्र खासगी विद्यापीठाची मूळ मुदत संपल्यावर आठ दिवसांनी आले. त्या मधल्या काळात त्यांनी जागेची रक्कम भरली नाही. संचालकांना पत्र लिहून मुदत वाढवून मागितली, ती पंधरा दिवस मिळाली. १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा देणारा कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव त्यांना मदतीचा नव्हता, कारण तो अर्थसाहाय्यासह दिलेल्या प्रवेशांपुरता आहे. राज्य विद्यापीठाचा प्रवेश त्यांनी स्वीकारला. तिथला अभ्यासक्रम मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी थेट वर्गांचा आहे, उन्हाळ्यात एक आठवडा प्रत्यक्ष हजेरी आहे आणि तुकडी एकत्रच पुढे सरकते. थेट वर्ग नको, आपल्या वेळेप्रमाणे रेकॉर्डिंग पाहू, असा त्यांचा आधीचा आग्रह मुलाखतीनंतर मावळला.

दोन गोष्टी अजून सुटायच्या आहेत. कॉलेजकडून संशोधनाच्या जागेचे परवानगीपत्र उपाध्यक्षांच्या नावाने आहे. ते अध्यक्षांच्या कार्यालयाच्या नावाने करून घ्यावे, म्हणजे व्यक्ती बदलली तरी परवानगी टिकेल, असे प्राध्यापकांनी सुचवले आहे, आणि अध्यक्षांच्या कार्यालयाने कॉलेजच्या वकिलांचे मत मागवले आहे. दुसरे असे की, पंधरा मिनिटांचा नियम फॉलच्या नोंदणीपूर्वीच बदलावा अशी मागणी सल्लागारांकडून आली आहे. तो आता बदलला तर विद्यार्थ्यांचे भले होईल, पण नियम असतानाची आणि नसतानाची स्थिती शिस्तीने तुलना करून पाहण्याची संधी हातून जाईल. नियम दोनपैकी एका कॅम्पसवर आधी बदलावा आणि दुसऱ्यावर पुढच्या सत्रात, असा मधला मार्ग त्यांनी डीनपुढे ठेवला आहे. विद्यार्थ्यांच्या हिताची गोष्ट प्रबंधासाठी एका सत्रानेही लांबवावी का, याबद्दल डीन साशंक आहेत, आणि त्यांची शंका मला योग्य वाटते.